भरण्याआधी ओट्याखाली पाहा

ओट्याला भेग गेल्याचा फोन आला की कारागीर मॅस्टिकचा डबा घेऊन निघतो. रंग जुळवायचा, फट भरायची, पॉलिश मारायचे, निघायचे. काही महिन्यांत तीच रेघ पुन्हा उघडते, कारण भेग वर दिसत असली तरी तिचे मूळ बहुतेक वेळा खाली असते. डबा उघडण्याआधी ट्रॉल्या बाहेर काढा आणि टॉर्च घेऊन वाका, एवढा एकच आग्रह या अंकात धरायचा आहे.

आपल्याकडचा ग्रॅनाइट साधारण १६ ते १८ मिलिमीटर जाडीचा. पूर्वी त्याच्याखाली कडप्प्याची सलग फरशी असे. ट्रॉल्या आल्या आणि अनेक घरांत ती गेली. मग सिंकच्या पुढे उरलेल्या दोन-तीन इंचांच्या पट्टीवर सगळा भार येतो. त्यात कटिंगचे कोपरे काटकोनात मारलेले आणि कटरची पाती कोपऱ्याच्या पुढे गेलेली असेल, तर भेग तिथूनच निघते. आधी चारही कोपऱ्यांना गोल भोके पाडून मग सरळ काप घेण्याचा कंटाळा महागात पडतो.

भेगेवरून आडवे नख फिरवा. एक बाजू उंच लागली तर आधार खचला आहे. तो उचलून सारखा केल्याशिवाय काहीही भरू नका. दोन्ही बाजू सपाट असतील आणि नख कुठेच अडकत नसेल, तर ती दगडाची मूळची शीरही असू शकते. तिला हात लावायचे कारण नाही.

भार पेलणाऱ्या भेगेला मॅस्टिक पुरत नाही, तिथे पातळ इपॉक्सीच हवे. तेलकटपणा अॅसिटोनने काढा, भेग पूर्ण वाळू द्या, आणि भरल्यावर निदान रात्रभर ओटा वापरू देऊ नका. खालून सळई बसवायची तर स्टेनलेस किंवा फायबरची. साधी लोखंडी सळई गंजून फुगते आणि दगडच फोडते. रेघ थोडी दिसणार, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. चिमाकुर्तीच्या ब्लॅक गॅलेक्सीतले सोनेरी ठिपके कुठल्याही भुकटीने जुळत नाहीत.

आता धुळीबद्दल, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये पाचव्या हिश्श्याहून अधिक क्वार्ट्झ असू शकते, कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये तर नव्वद टक्क्यांच्या आसपास. त्या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असे कृत्रिम स्लॅब वापरण्यावर बंदी घातली. आपल्याकडे मात्र बंद स्वयंपाकघरात, तोंडाला रुमाल बांधून, ग्राइंडरने कोरडेच कटिंग चालते. रुमालातून ही धूळ आरपार जाते. घर खराब होईल म्हणून गिऱ्हाईक पाणी वापरू देत नसेल, तर दगड खाली नेऊन कापा. चांगला मास्क, ओले कटिंग आणि ओट्याखालचा आधार यांचा खर्च कोटेशनमध्ये वेगवेगळ्या ओळींत लिहा. गिऱ्हाइकाने त्या ओळी खोडल्या, तर ते काम घेऊ नका.