यंत्र वर्गात आले, पुढे काय?

सोलापूर रस्त्याने पुण्याबाहेर पडणाऱ्या प्रवाशास लोणी काळभोर दोन रूपांनी भेटते. ज्या राजबागेत एकेकाळी राज कपूर यांची शेती होती, तेथे आज कला व तंत्रज्ञान शिकविणारे विद्यापीठ उभे आहे. थोड्याच अंतरावर तेलाचे डेपो आहेत, टँकरांच्या रांगा आहेत आणि त्यांच्या आश्रयाने पोट भरण्यास दूरदूरच्या मुलखांतून आलेली कुटुंबे आहेत. या दुसऱ्या लोणीतील मूल प्राथमिक शाळेत येऊन बसते, तेव्हा त्याच्या घरी मराठीच बोलली जात असेल असे नाही. त्याच्या शेजारचे मूल गतवर्षी दुसऱ्याच गावी होते, तिसऱ्यास फळ्यावरचे नीट दिसत नाही, आणि चौथे पुढचा धडा वाचून केव्हाच मोकळे झालेले असते. अशा वर्गांतून आता ठिकठिकाणी पडदे व संगणक येत आहेत. ते यावेत की नाही हा वाद संपला. त्यांचा उपयोग यांपैकी कोणत्या मुलास होणार, हा प्रश्न मात्र अद्याप कोणी नीट विचारलेला नाही.

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची काही वर्षे हाती खडू घेऊन काढली आहेत. शिक्षक नकळत मधल्या रांगेतील मुलासाठी बोलत असतो, हे त्या काळात ध्यानी आले. आणि ध्यानी येऊनही ती खोड सुटली नाही, हेही कबूल केले पाहिजे. पडदा दुसरे काय करतो? तोही मधल्या रांगेशीच बोलतो, फक्त अधिक झगमगाटाने. शिक्षकास निदान एखादा गोंधळलेला चेहरा पाहून थांबता तरी येते.

म्हणून यंत्र निरुपयोगी आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेथील पालिकेच्या शाळांना 2000 साली प्रत्येकी चार संगणक मिळाले. दोन वर्षांनी पाहिले तो मुलांकडून त्यांचा वापर जवळजवळ होतच नव्हता. मग ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यास दोन तास, एका संगणकापुढे दोघे याप्रमाणे बसविले आणि गणिताचे असे खेळ दिले की, मुलाचे उत्तर पाहून पुढील उदाहरण सोपे अथवा अवघड व्हावे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाची मोजदाद करून 2007 साली ती प्रसिद्ध केली. गणितातील प्रगती लक्षणीय होती. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात तिचा बराच भाग ओसरला, हेही त्यांनी नमूद केले. संगणक तेच, शाळा त्याच. फरक पडला तो मुलाची पायरी ओळखून उदाहरण देण्याने, आणि ओहोटी लागली ती ते देणे थांबल्याने.

याच सोलापूर रस्त्याने पुढे गेल्यास माढा तालुक्यात परितेवाडी लागते. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, गोष्टी व पाठ ठेवण्याची त्यांची युक्ती सर्वांच्या तोंडी झाली. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने दिलेल्या माहितीतील दुसरी गोष्ट मात्र मागे पडली. मुलांची भाषा कन्नड, म्हणून शिक्षकाने प्रथम ती भाषा शिकून घेतली व मग पुस्तकाला हात घातला! पुढे असे कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर सर्वत्र आले, ते चांगलेच झाले. परंतु चौकोन छापणे सोपे आहे. त्यामागे कोणत्या मुलासाठी काय ठेवावयाचे हे ठरविण्यास त्या मुलास ओळखणारा माणूस लागतो.

अशा माणसाचे काम यंत्राने स्वस्तात होईल, अशी आशा काही कारभाऱ्यांस वाटत असल्यास ती त्यांनी वेळीच सोडावी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. 2016 च्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली. कर्णबधिर मुलांसाठी सांकेतिक भाषेतील पाठ आज सरकारी ‘दीक्षा’ मंचावर उपलब्धही आहेत. पण ते उघडून त्या मुलापुढे ठेवावयास वर्गात कोणी मोकळे नसेल, तर ते असून नसल्यासारखेच.

शिक्षण हक्क कायद्यानेच शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम तिच्याकडे सोपविले आहे. लोणी काळभोरच्या व आसपासच्या समित्यांनी या आराखड्यात किती पडदे हवेत एवढेच लिहून थांबू नये. कोणत्या मुलास कशाची अडचण आहे, त्यास यंत्रापुढे आठवड्यास किती वेळ मिळेल आणि तेवढा वेळ त्याच्या शेजारी कोण बसेल, हे त्यांनी जून उजाडण्यापूर्वी लिहून काढावे. पडद्याची खरेदी त्यानंतर करता येईल.