मोहिमेच्या आराखड्यातच लोकसंपर्काला जागा हवी

चांद्रयान-१ वर अकरा उपकरणे होती. पाच भारताची, सहा परदेशी. त्यांतल्या अमेरिकी खनिजमापक उपकरणाला चंद्रपृष्ठावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात तीन मायक्रॉनच्या आसपास शोषण दिसले. एवढ्यावर विसंबून निष्कर्ष काढणे धोक्याचे होते. म्हणून १९९९ मध्ये चंद्राजवळून गेलेल्या कॅसिनीच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या आणि डीप इम्पॅक्ट यानाने जून २००९ मध्ये पुन्हा निरीक्षण केले. तिन्ही शोधनिबंध सप्टेंबर २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये एकत्र आले. पहिल्या निबंधाच्या लेखकांत भारतीय शास्त्रज्ञही होते. चांद्रसंशोधनातल्या सहकार्याचे याहून चांगले उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर नाही.

लोकांपर्यंत मात्र यातले फार थोडे पोचले. मातीच्या कणांना चिकटलेले हायड्रॉक्सिल आणि पाण्याचे अत्यल्प रेणू सापडले होते. ऐकणाऱ्यांनी तळी डोळ्यांसमोर आणली. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चंद्रावर आदळलेल्या भारतीय शोधकुपीतल्या उपकरणानेही उतरताना पाण्याची नोंद केली होती, पण तिचा शोधनिबंध २०१० मध्ये आला. त्यामुळे आपल्याकडची चर्चा बरीचशी ‘पहिले कोण’ याभोवती फिरत राहिली. तीन यानांच्या नोंदी एकमेकींशी कशा ताडल्या, ही त्या शोधातली सर्वांत शिकवणारी गोष्ट, वर्गात किंवा आकाशदर्शनाच्या मैदानावर कुणी सांगितलीच नाही. सांगणाऱ्यांच्या हाती ती वेळेत आलीच नव्हती.

आमचे म्हणणे असे, की लोकसंपर्काचे काम शोध लागल्यावर वाटायच्या पत्रकापुरते ठेवता कामा नये. उपकरणाचा प्रस्ताव लिहिला जातो त्याच दिवशी त्या गटात ते सांभाळणारी व्यक्ती असावी. तिला बैठकांत बसता यावे, कच्च्या आलेखावर प्रश्न विचारता यावेत आणि या कामाचा वेळ व वेतन तिला रीतसर मिळावे. नासाने २००८ मध्ये स्थापलेल्या चांद्रविज्ञान संस्थेने एक वाट दाखवली आहे. तिचे गट वेगवेगळ्या विद्यापीठांत विखुरलेले, मध्यवर्ती कार्यालय छोटे, आणि परदेशी भागीदारांशी पैशांची देवघेव न करता सहकार्य. या गटांत संशोधकांबरोबर शिक्षण आणि लोकसंपर्क पाहणारी माणसेही होती. २०१० पासून दरवर्षी जगभर साजरी होणारी चंद्रनिरीक्षणाची रात्रही चांद्रमोहिमांच्या चमूंतूनच उगवली.

लोकांकडून संशोधनाला परतही बरेच मिळते. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये कोसळल्यावर नासाच्या चांद्रपरिक्रमा यानाने टिपलेली छायाचित्रे सर्वांसाठी खुली झाली. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी आधीची आणि नंतरची छायाचित्रे घरी बसून ताडली, अवशेषाचा एक ठिपका शोधला आणि तो कळवला. कॅमेऱ्याच्या चमूने नवी छायाचित्रे घेऊन खातरजमा केली आणि डिसेंबरात त्यांना जाहीर श्रेय दिले. छायाचित्रे खुली होती, कळवायला ठिकाण होते, आणि पत्राची दखल घेणारे कुणी तरी होते; तिन्ही गोष्टी जमल्या म्हणून हे घडले. चांद्रयान-२ च्या नोंदी इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर नाव नोंदवून कुणालाही घेता येतात, ही मोठी सोय आहे. पण पीडीएस-४ स्वरूपातली ती फाइल उघडायची कशी, हे मराठीत दहा पानांत समजावणारी पुस्तिका कुठे आहे? विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला तिची गरज संशोधकाहून जास्त आहे.

आकाशदर्शन घडवणाऱ्या मंडळांकडेही आमचे मागणे आहे. २३ ऑगस्ट २०२३ नंतर कितीतरी व्यासपीठांवरून चांद्रयान-३ चा विक्रम ‘दक्षिण ध्रुवावर’ उतरल्याचे सांगितले गेले. तो उतरला सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. ध्रुव तिथून सहाशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. शुक्ल षष्ठी-सप्तमीच्या सुमारास साध्या दुर्बिणीतून मँझिनस हे विवर दाखवा आणि त्याच्याच परिसरात यान उभे आहे असे सांगा. मग त्यातला प्रज्ञान रोव्हर शंभर मीटर फिरला, त्याच्यावरच्या अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या उपकरणाने मातीची २३ ठिकाणी तपासणी केली, आणि त्यातून चंद्र एके काळी वितळलेल्या खडकाच्या महासागराने व्यापलेला होता या कल्पनेला आधार मिळाला, हे ऐकणाऱ्याला नीट समजेल. या तपासणीचा शोधनिबंध ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आहे, कार्यक्रमाआधी तो वाचायला हवा.

येणाऱ्या मोहिमांपैकी एक जपानबरोबरची आहे: लँडर भारताचा, रोव्हर जपानचा, शोध ध्रुवाजवळच्या पाण्याचा. २००९ सारखीच बातमी पुन्हा येऊ शकते, आणि या वेळी तयारीला अवधी आहे. संशोधन गटांनी आपल्या भागातल्या एका तरी खगोल मंडळाशी आत्ताच बोलावे, आणि मंडळांनी त्यांच्या निमंत्रणाची वाट न पाहता स्वतः पत्र लिहावे. अशी जोडी जमली, तर दोघांचा अनुभव छापायला या मासिकाची पाने खुली आहेत.