अंड्याशिवाय वॉफल आणि पॅनकेक

यंदाच्या मे महिन्यात मुलगी आणि नऊ वर्षांची नात बंगळुरूहून आल्या, तेव्हा नातीने आल्याबरोबर एकच मागणी केली, वॉफलची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सर्वांच्या ताटल्यांत वॉफल होते. त्यात अंडे आहे असे कळताच तिने आपली बशी परत ठेवली आणि संध्याकाळभर सरबतावर राहिली. हे सांगताना तिने तक्रारीचा सूर लावला नाही, म्हणूनच ते मला अधिक लागले.

अडचण मात्र एका अंड्याची नव्हती. मुलीने तीन वर्षांपासून दूध, दही, तूप सोडले आहे. सासूबाईंना यीस्ट चालत नाही आणि रात्री भिजवलेले पीठ सकाळी वापरलेलेही चालत नाही. बेल्जियममधील पारंपरिक वॉफल यीस्टनेच फुगवतात, त्यामुळे तीही वाट बंद. सासूबाई म्हणाल्या, “अगं, अंडे नाही हे ठीकच, पण दूधही नाही, तर त्या पोरीला काय करून घालणार आहेस?”

दुकानातून तयार मिश्रणाचे पाकीट आणले, त्यावर हिरवा ठिपका होता. घरी आल्यावर बारीक अक्षरे वाचली तर दुधाची भुकटी निघाली. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो; त्यात दूध असू शकते, मधही असू शकतो. व्हीगन पदार्थांसाठी आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी स्वतंत्र चिन्ह ठरवले आहे. तरी घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही.

मग विचार केला, की अंडे या पदार्थात करते तरी काय? तापल्यावर ते घट्ट होऊन पीठ बांधून ठेवते, फेसले तर हवा धरते आणि त्यातील बलक तेल-पाणी एकजीव करतो. पण कणकेत चिकटपणा मूळचाच आहे, आणि फुगवण्याचे काम बेकिंग पावडर करते. पॅनकेकला अंड्याची जागा भरण्याचीही गरज पडत नाही.

एक वाटी चाळलेली कणीक, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, एक मोठा चमचा साखर आणि चिमूटभर मीठ कोरडेच एकत्र करावे. त्यात एक मोठा चमचा तेल, चमचाभर लिंबाचा रस आणि साधारण वाटीभर पाणी घालावे. पाण्याऐवजी नारळाचे दूध घेतले तर रंग अधिक खुलतो. पीठ फार घोटू नये. घोटल्याने कणीक चिवट होते; लहान गुठळ्या राहिल्या तरी चालतात. बेकिंग पावडर ओली होताच वायू सोडू लागते, म्हणून पाच मिनिटांनी लगेच करायला घ्यावे. पीठ शिळे करायचे नाही हा सासूबाईंचा नियम येथे पाककृतीलाच सोयीचा ठरला. तवा मध्यम आचेवर ठेवावा. वरचे बुडबुडे फुटून छिद्रे तशीच उघडी राहिली आणि कडा कोरड्या दिसू लागल्या, की उलथावे.

वॉफल मात्र इतके सरळ नाही. माझे पहिले वॉफल झाकण उघडताच दोन फाकांत फाटले, अर्धे वर आणि अर्धे खाली चिकटलेले. दोन चुका होत्या. तेल कमी पडले होते, आणि मी घाई केली होती. वाफ येणे जवळजवळ थांबेपर्यंत झाकण उघडायचेच नसते. दुसऱ्या वेळी पाव वाटी कणीक काढून तितकेच तांदळाचे पीठ घातले, तेल तीन मोठे चमचे केले आणि ताजी दळलेली अळशी एक मोठा चमचा, तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून मिसळली. अळशीच्या बुळबुळीत पाण्याने पीठ धरून राहते. तयार वॉफल एकावर एक रचू नये, जाळीवर ठेवावे. नाहीतर स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. रंग अंड्याच्या वॉफलहून फिका येतो, हे आधीच सांगून ठेवते.

सासूबाई इतका वेळ पाटावर बसून पाहत होत्या. पॅनकेकचे पीठ पळीने वर उचलून त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, “हे तर आपले गव्हाचे गोड धिरडे. त्यात अंडे कुणी घातले होते कधी?” मुलगी हसली. मधाऐवजी आम्ही काकवी घेतली. सूर्य मावळायच्या आत सासूबाईंनी दोन पॅनकेक खाल्ले आणि तिसरा मागितला.

निघण्यापूर्वी नातीने सारे प्रमाण आपल्या वहीत उतरवून घेतले. पुढचा वाढदिवस तिचा आहे. मैत्रिणींना वॉफल करून घालायचे तिने ठरवले आहे, आणि तव्यापाशी पणजीनेच उभे राहायचे, हेही.