शस्त्र नसलेला खेळ आणि वीस माणसे

घरातील किशोरवयीन मुले संगणकावर आणि मोबाइलवर काय खेळतात, हा आता बहुतेक कुटुंबांत वादाचा विषय झाला आहे. वडीलधाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. वेळ जातो, डोळे बिघडतात, अभ्यास मागे पडतो आणि पडद्यावर सतत कोणीतरी कोणाला तरी मारत असते. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. परंतु सर्व खेळांना एकच माप लावणे म्हणजे ग्रंथ आणि रद्दी एकाच काट्यावर तोलणे होय. म्हणून या वेळी एका अशा खेळाचा परिचय करून द्यावयाचा आहे, ज्यात खेळणाऱ्याच्या हाती एकही शस्त्र दिलेले नाही. तरीही हिंसेविषयी तो जे विचारतो, ते आपल्यासारख्या व्यापारी घरांना टाळता येण्यासारखे नाही.

खेळाचे नाव ‘इनसाइड’. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील ‘प्लेडेड’ या संस्थेने तो २०१६ साली प्रसिद्ध केला. याच संस्थेचा ‘लिम्बो’ हा कृष्णधवल खेळ २०१० साली गाजला होता. ‘इनसाइड’ला २०१७ मध्ये ब्रिटिश अकादमीचे, म्हणजे ‘बाफ्टा’चे, चार पुरस्कार मिळाले, त्यांतील एक कथनासाठी होता. नवल असे की या कथनात एकही शब्द नाही. कोणी बोलत नाही, पडद्यावर मजकूर येत नाही, कोणाचे नाव कळत नाही. ध्वनिरचनाकार मार्टिन स्टिग अँडरसन यांनी काही ध्वनी खऱ्या मानवी कवटीतून वाजवून ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले. त्यामुळे ऐकणाऱ्याला आवाज बाहेरून न येता स्वतःच्या डोक्यात घुमल्यासारखा वाटतो.

लाल सदऱ्यातील एक लहान मुलगा रात्रीच्या जंगलातून निघतो. विजेऱ्या घेतलेली माणसे आणि कुत्री त्याच्या मागावर आहेत. त्याला पळता येते, उडी मारता येते, एखादी पेटी ढकलता येते, श्वास रोखून लपता येते. याहून अधिक काही नाही. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने २०२० साली आणलेल्या ‘राजी’ या खेळातील नायिकेला देवतांकडून शस्त्रे मिळतात. या मुलाला कोणी काहीच देत नाही. ओसाड शेते, गोठे, भिजलेले शहर आणि अवाढव्य कारखाने ओलांडत तो पुढे जातो. वाटेत त्याला माणसांच्या रांगा दिसतात. खाली मान, एकसारखी पावले, स्वतःची इच्छा हरवलेली. एका ठिकाणी त्यालाही त्या रांगेत शिरावे लागते. सर्व थांबले की थांबायचे, सर्वांनी उडी मारली की मारायची, सर्व वळले की वळायचे. जो चुकला तो पकडला जातो. खेळणाऱ्याचा ऊर भरून येतो आणि या माणसांना असे कोणी केले, याचा संताप येतो.

मग खेळ आपला खरा प्रश्न मांडतो. काही ठिकाणी वरून एक यांत्रिक शिरस्त्राण लोंबकळत असते. मुलाने त्यात डोके घातले की ती निर्जीवशी माणसे उठून त्याच्या इच्छेप्रमाणे चालू लागतात. अडथळा दूर करायचा तर त्यांना चालवल्यावाचून गत्यंतर नसते. पुढे एका बंद दारापुढील जागेवर वीस माणसे जमल्याशिवाय दार उघडत नाही. खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांतून माणसे गोळा करू लागतो. घटकाभरापूर्वी ज्यांच्यासाठी जीव कळवळला होता, त्यांच्याविषयी आता मनात एवढेच असते, की एकोणीस झाली, आणखी एक कोठे मिळेल? माणूस दिसेनासा होतो आणि आकडा उरतो. हा बदल इतक्या सहज घडतो की पुष्कळांच्या तो ध्यानातही येत नाही.

आपल्या परंपरेत या अवस्थेला नेमका शब्द आहे. कर्म तीन प्रकारे घडते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कृत, म्हणजे स्वतः केलेले. कारित, म्हणजे दुसऱ्याकडून करविलेले. आणि अनुमोदित, म्हणजे ज्याला संमती दिली ते. पहिल्या प्रकाराबाबत आपण अत्यंत दक्ष असतो. पाणी गाळून पितो, सूर्यास्ताची वेळ पाळतो, पायाखालची मुंगी चुकवतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचा हिशेब मात्र दुकानाची पायरी चढताना बहुधा बाहेरच राहतो. त्या शिरस्त्राणाखाली घडते ते सारे कारित आहे. मुलाचा हात कोणाला लागत नाही, तरी वीस जणांची हालचाल त्याच्या खात्यावर जमा होते.

हा विचार पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील आपल्या घरांपासून दूरचा नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे मोटारींचे कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. या वाढीबरोबर आपली अनेक कुटुंबेही वाढली. कोणी पोलाद आणि हार्डवेअर पुरवतो, कोणी पॅकिंगचे खोके, कोणी कॅन्टीनला धान्य. कोणाच्या खोल्या नाणेकरवाडीत किंवा खराबवाडीत कामगारांना भाड्याने दिलेल्या आहेत. या पट्ट्याने मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार आणि ओडिशातून आलेल्या असंख्य माणसांना रोजगार दिला, त्यांच्या मुलांना शाळा दाखवली. चाकणचा कारखाना म्हणजे त्या खेळातील कारखाना नव्हे. असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही आपली भाषा तपासून पाहावी. “उद्या सकाळी वीस पोरे पाठवा,” असे आपण कंत्राटदाराला फोनवर सांगतो. तो बावीस पाठवतो, आपण दोन परत करतो. त्या दोघांनी पहाटे किती वाजता घर सोडले, जाण्या-येण्याचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न आपल्या वहीत येत नाही. कायद्यालाही या आकड्यांचा मोह सुटलेला नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मुळात वीस कामगारांपासून लागू होत असे. महाराष्ट्राने पुढे ही मर्यादा पन्नासवर नेली. मर्यादेच्या आत राहण्यासाठी माणसे दोन नावांवर विभागण्याची युक्ती व्यापारात कोणाला माहीत नाही? मात्र त्याच कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली होती. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. कारित कर्माचे दायित्व करविणाऱ्याकडे परत येते, हे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत लिहिलेले आढळते.

यावर कोणी म्हणेल, की आम्ही तरी कोठे मोकळे आहोत? हे म्हणणे खोटे नाही. मोठ्या कंपनीच्या दप्तरी आपलेही नाव नसते, केवळ व्हेंडर कोड असतो. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. तरीही हक्काचे पैसे मागताना पुरवठादाराला पुढची ऑर्डर जाण्याची धास्ती असते. आपल्यालाही कोणाच्या तरी रांगेत पावले जुळवावी लागतात. खेळालाही हे ठाऊक आहे. त्यात दडवून ठेवलेला एक दुसरा शेवट आहे. विखुरलेले लपवलेले गोळे निकामी करून मुलगा एका गुप्त खोलीत पोहोचतो आणि भिंतीतील एक जोड उपटतो. त्यासरशी त्याचीही मान त्या रांगेतील माणसांसारखी खाली पडते. दुसऱ्यांना चालविणारा हा मुलगा स्वतःही कोणाच्या तरी इच्छेने चालत होता, असाच त्याचा अर्थ बहुतेक जण लावतात. परंतु वरून दाब आहे म्हणून खाली दाब देण्याची मुभा मिळत नाही. ‘व्हेंडर कोड’ म्हणून हाक मारली जाण्याचा सल ज्याने सोसला आहे, त्याने तरी माणसाला ‘लेबर’ म्हणून मोजू नये.

यासाठी मोठे दान करण्याची गरज नाही. गोदामात माल उतरविणाऱ्यांची नावे वहीत असावीत आणि आपल्या तोंडी असावीत. कंत्राटदाराचे बिल मंजूर करताना भविष्यनिर्वाह निधीचे आणि ईएसआयचे चलन पाहावे, मजुरी महिन्याच्या सात तारखेपूर्वी हातात पडली का हे कामगारालाच विचारावे. परत पाठविलेल्या माणसाला अर्ध्या दिवसाचे तरी पैसे द्यावेत. उन्हात थांबणाऱ्या टेम्पोचालकाला बसायला सावली आणि प्यायला पाणी मिळावे.

आता पालकांसाठी दोन शब्द. हा खेळ लहान मुलांचा नाही. अमेरिकेतील मानांकनानुसार तो १७ वर्षे आणि त्यावरील वयासाठी आहे, कारण मुलगा पकडला गेला की त्याचा मृत्यू पडद्यावर दिसतो आणि काही दृश्ये मन हलवून सोडणारी आहेत. घरात महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी असेल, तर एखाद्या रविवारी त्यांच्या शेजारी बसावे. तीन-चार तासांत खेळ पूर्ण होतो. मध्ये उपदेश करू नये. ते वीस माणसांचे दार उघडले, की एवढेच विचारावे, “ही माणसे गोळा करताना तुला काय वाटत होते?” मुले प्रामाणिक उत्तर देतील. मग तीही आपल्याला विचारतील, की आपल्या दुकानात किती माणसे काम करतात आणि त्यांची नावे काय. त्या वेळी वही न उघडता उत्तर देता यावे, एवढी तयारी आपण करून ठेवावी.