न्या. फातिमा बीवी : टाळ्यांच्या पुढे

मुलींच्या तालीमचा विषय निघाला की आपल्या जलशांत आणि शाळांच्या कार्यक्रमांत न्या. फातिमा बीवी यांचे नाव हमखास घेतले जाते. ‘सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश’ एवढे सांगितले की टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या नावाकडे वळतो. त्या साडेचार वर्षे तामिळनाडूच्या राज्यपाल होत्या आणि तिथून राजीनामा देऊन बाहेर पडल्या, हे क्वचितच सांगितले जाते. आम्हाला वाटते, आपल्या मुलींना ही गोष्ट पूर्ण सांगायला हवी.

फातिमा बीवी यांचा जन्म ३० एप्रिल १९२७ रोजी, त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानातील पथनमथिट्टा येथे झाला. वडील मीरा साहिब सरकारी नोकरीत होते. आठ भावंडांत फातिमा थोरल्या. घरातल्या थोरल्या मुलीच्या वाट्याला काय येते, हे आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको. मीरा साहिबांनी मात्र या थोरल्या मुलीला त्रिवेंद्रमला कॉलेजात पाठवले. रसायनशास्त्र घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या. पुढेही तोच विषय शिकण्याचा त्यांचा विचार होता, पण वडिलांनी कायद्याचा आग्रह धरला. त्याच संस्थानात अ‍ॅना चांडी नावाच्या बाई १९३७ साली मुन्सिफ झाल्या होत्या. एका बाईला न्यायाच्या खुर्चीवर बसता येते, तर आपल्या मुलीला का नाही, असा त्या बापाचा साधा हिशेब होता.

बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिल्या येऊन नोव्हेंबर १९५० मध्ये फातिमा बीवी वकील झाल्या. कोल्लमच्या न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली. १९५८ मध्ये मुन्सिफ, १९६८ मध्ये सब-जज्ज, १९७२ मध्ये मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश, १९८० मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या सदस्य आणि १९८३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश, अशा एकेक पायरीने त्या वर गेल्या. एप्रिल १९८९ मध्ये त्या तिथून निवृत्त झाल्या आणि ६ ऑक्टोबर १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात त्यांची नेमणूक झाली. ज्या वर्षी सर्वोच्च न्यायालय सुरू झाले, त्याच वर्षी त्या वकील झाल्या होत्या. तिथे पहिली महिला पोहोचायला ३९ वर्षे लागली. त्या १९९२ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा ते न्यायासन पुन्हा केवळ पुरुषांचे झाले. दुसऱ्या महिला न्यायाधीश, आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून पुढे आलेल्या सुजाता मनोहर, १९९४ मध्ये तिथे पोहोचल्या.

निवृत्तीनंतर फातिमा बीवी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सदस्य झाल्या आणि २५ जानेवारी १९९७ रोजी तामिळनाडूच्या राज्यपाल. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग याच पदावर आला.

मे २००१ च्या विधानसभा निवडणुकीत जयललिता यांच्या अण्णाद्रमुक पक्षाला बहुमत मिळाले. पण एका जमीन खरेदीच्या प्रकरणात जयललिता यांना २००० साली तीन वर्षांची शिक्षा झाली होती. त्यामुळे त्यांचे उमेदवारी अर्ज फेटाळले गेले होते. त्या आमदार नव्हत्या आणि निवडणूक लढवायलाही अपात्र होत्या. संविधानाच्या कलम १६४ नुसार आमदार नसलेली व्यक्तीही सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहू शकते. प्रश्न असा होता की, जी व्यक्ती निवडणूकच लढवू शकत नाही, तिला ही सवलत मिळते का? निवडून आलेल्या आमदारांनी जयललिता यांनाच नेता निवडले होते. राज्यपालांनी बहुमताचा कौल मानला आणि १४ मे रोजी त्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली.

यावर देशभर टीका झाली. ३० जूनच्या पहाटे माजी मुख्यमंत्री करुणानिधी यांना त्यांच्या घरातून अटक झाली आणि वादळ आणखी वाढले. राज्यपालांनी आपले घटनात्मक कर्तव्य पार पाडले नाही, असे म्हणत केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांना परत बोलावण्याची शिफारस करायचे ठरवले. फातिमा बीवी यांनी राजीनामा दिला. पुढे २१ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने जयललिता यांची नेमणूक रद्द केली. अपात्र व्यक्तीला सहा महिन्यांसाठीही मंत्री करता येत नाही आणि लोकांचा कौल संविधानापेक्षा मोठा नाही, असा तो निकाल होता. ज्या न्यायालयात त्या स्वतः बसल्या होत्या, त्याच न्यायालयाने त्यांचा निर्णय टिकू दिला नाही.

आता ही गोष्ट मुलींना सांगायची की झाकायची? आपल्यातले पुष्कळ लोक झाकतात. आपल्या कौमचे कोणी मोठ्या पदावर गेले की त्याने डागाविना राहावे, अशी आपली अपेक्षा असते. दुसऱ्याचा चुकलेला निर्णय त्याचा एकट्याचा असतो. आपल्या माणसाचा निर्णय चुकला की साऱ्या कौमची मान खाली गेल्यासारखे वाटते. हे ओझे मुलींवर तर दुप्पट पडते. ‘तू चुकलीस तर लोक काय म्हणतील’ हे वाक्य ऐकत त्या वाढतात. मग वर्गात उत्तर माहीत असूनही हात वर न करणाऱ्या मुली आम्हा शिक्षकांना रोज दिसतात.

आमच्या मते ही गोष्ट मोकळेपणाने सांगावी. बहुमताचा मान राखायचा की कायद्याची अपात्रता मोठी मानायची, हा पेच सोपा नव्हता. त्यांनी एक बाजू घेतली, न्यायालयाने दुसरी योग्य ठरवली. टीका रास्त होती, आणि ती झाली म्हणून आधीची चाळीस वर्षांची न्यायसेवा पुसली जात नाही. पद ही अमानत आहे. अमानतीचा हिशेब माजी न्यायमूर्तींनाही द्यावा लागतो, यातच कायद्याची इज्जत आहे. मुलींना बरोबरीचा हक्क हवा असेल, तर निर्णय घेण्याचा हक्क हवा आणि त्या निर्णयाची इतरांसारखीच तपासणी होण्याची तयारीही हवी.

राजीनाम्यानंतर फातिमा बीवी केरळला परतल्या. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी कोल्लम येथे, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाला.

आपल्या पालकांना एक विनंती. मेहर, तलाक, वारसा यांच्या कज्ज्यांत कोर्टाची पायरी चढणाऱ्या आपल्या बायकांना स्वतःचे म्हणणे मोकळेपणाने सांगता येईल अशी वकीलबाई सहसा सापडत नाही. बारावीनंतर मुलीसाठी डी.एड. आणि नर्सिंगचा विचार होतो तसा कायद्याचाही व्हावा. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. फातिमा बीवी ज्या मुन्सिफच्या खुर्चीपासून निघाल्या, तिच्या जोडीचे दिवाणी न्यायाधीशाचे पद आपल्या राज्यात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरले जाते. मुलीला ती माहिती मिळवून द्यायला मीरा साहिबांसारखा एक बाप पुरेसा आहे.