शिट्टी, टोपी आणि 160 तास

मंडळी, आज थोडं सुरक्षा रक्षकांविषयी.

आमच्या शेंदूरजनाघाटात संत्री रंगावर आली की बागेत जागलीला माणूस ठेवतात. त्याला कुणी प्रमाणपत्र मागत नाही. मालक त्याला ओळखतो, तो बाग ओळखतो, तेवढं पुरतं. पण तोच माणूस पोटासाठी अमरावतीला किंवा पुण्याला जाऊन दवाखान्याच्या, बँकेच्या दारात उभा राहिला की ही ओळख अपुरी पडते.

माझा एक विद्यार्थी या नोकरीत आहे. प्रशिक्षण काय दिलं, असं विचारलं तर हसून म्हणाला, "गुरुजी, शिट्टी देली, टोपी देली अन् गेटवर उभं केलं." भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं कसं चालवायचं, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

कायदा नाही असं नाही. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राने 2005 साली कायदा केला. रक्षकाला प्रशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी त्याने एजन्सीवरच टाकली. 2006 च्या नमुना नियमांत वर्गातले 100 तास आणि प्रत्यक्ष कामाचे 60 तास सांगितले आहेत. आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, एवढंच काय, ओळखपत्रावरची इंग्रजी अक्षरं वाचणंही त्यात आहे. अभ्यासक्रम चांगला आहे हो! पण वर्ग न भरवता निकाल लावला तर काय उपयोग?

काही जण म्हणतात, गरिबाची नोकरी आहे, त्यात आणखी अटी कशाला? मला हे पटत नाही. कायदा त्याच्याकडे पदवी मागत नाही. त्याला शिकवा, एवढंच म्हणतो. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून 10 नवजात बाळं गेली. अशा रात्री अग्निशमन दल पोहोचेपर्यंतची मिनिटं तिथे हजर असणाऱ्यांच्याच हाती असतात. त्या हातांना काही शिकवायचंच नाही, ही गरिबावरची दया नव्हे. त्यात त्याचाही जीव धोक्यात जातो आणि आपलाही.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. महाराष्ट्राने 1981 सालीच सुरक्षा रक्षकांसाठी वेगळा कायदा केला. मंडळात नोंद झालेल्याचा पगार मंडळामार्फत होतो, भविष्य निर्वाह निधीही मिळतो. शिकलेल्या रक्षकाला न शिकलेल्याइतकाच पगार दिला, तर तो तरी मन लावून का शिकेल?

आपण मात्र सोसायटीच्या सभेत सगळ्यात स्वस्त एजन्सी कोणती, एवढंच विचारतो. पुढच्या सभेत आणखी एक प्रश्न विचारा: या माणसाला 160 तास कुणी, कुठे शिकवलं? उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.