कुकरचं गणित

बारावीचे व्हेकेशन क्लासेस मे महिन्यातच सुरू झाले आणि आमच्या घरात एप्रिलपासून साठलेली वाफ एकदम बाहेर पडली. ‘‘आई, केमिस्ट्री मला जमणारच नाही. मुळात कळतच नाही!’’ वही आपटून लेक म्हणाली.

वही उघडली. सूत्रं सुबक लिहिलेली, खाली चौकटी. पण गणित साफ चुकलेलं. वायूचं तापमान २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं, म्हणून हिने दाब दुप्पट केला होता! तिला म्हटलं, ‘‘अगं, सेल्सिअसमधलं शून्य म्हणजे नुसता पाण्याचा बर्फ. वायूचं मोजमाप केल्व्हिनमध्ये. २९३ चे ३१३ झाले, म्हणजे दाब सातेक टक्क्यांनीच वाढला.’’ तिचा चेहरा जरा सैल झाला.

मग मला चेव आला. मीही एकेकाळी बी.एस्सी. केमिस्ट्री केलेलं, पुढं संसारात ते डब्यातल्या हिंगासारखं मागं गेलं, एवढंच. कुकरकडे बोट दाखवून म्हटलं, ‘‘हा बघ, तुझा गे-ल्युसॅकचा नियम! तापमान वाढलं की दाब वाढतो.’’

ती गप्प. पेन घेऊन काहीतरी मांडलं आणि म्हणाली, ‘‘नाही गं आई. आत १२० अंश धरले तर ३७३ चे ३९३ केल्व्हिन. त्या नियमाने दाब पाच टक्केच वाढेल. पण कुकरमध्ये तो दुपटीच्या आसपास जातो ना? म्हणजे आत वायूच वाढतोय. पाण्याची नवी वाफ होतेय.’’

मी चाट! इतकी वर्षं शिट्ट्या मोजल्या, हा हिशोब कधी केला नव्हता. आणि हीच मुलगी पाच मिनिटांपूर्वी ‘जमणार नाही’ म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी ३४२ ग्रॅम साखर, म्हणजे एक मोल, मोजून लिटरभर पाण्यात घातली. पाक लिटरच्या मापात मावेना, वर आला. मोलर द्रावणात सगळं मिळून एक लिटर, मोलल द्रावणात पाणीच एक किलो, हा फरक त्या ओघळात दिसला. मीठ लावलेल्या कैरीला सुटलेलं पाणी पाहून ‘ऑस्मॉसिस’ ती आपणहून म्हणाली.

पण मैत्रिणींनो, ‘स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा’ म्हणून टाळ्या वाजवायला मी हे लिहीत नाहीये. मुलींना स्वयंपाकघर पुष्कळ मिळालंय. त्यांना खरी प्रयोगशाळा हवी. आज पुण्यात कित्येक मुलं कॉलेजात फक्त नावापुरती असतात. दिवस क्लासमध्ये जातो, प्रॅक्टिकलचं जर्नल कुणाचं तरी बघून उतरवलं जातं. ब्युरेट हातात न धरताच टायट्रेशनची रीडिंग्ज! आणि हे आपल्याला, आयांना, ठाऊक असतं. ‘वेळ वाचतो’ म्हणून आपण गप्प बसतो.

१९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने कमला भागवत यांना मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली आणि डॉ. कमला सोहोनी म्हणून नावाजल्या. त्यांना प्रयोगशाळेच्या दारासाठी भांडावं लागलं. आपल्या लेकींसाठी ते दार उघडं आहे आणि आपणच त्यांना बाहेरून सूत्रं पाठ करायला सांगतोय.

सीईटीचे मार्क नकोत, असं कोण म्हणेल? मलाही हवेत. पण पुढच्या पालकसभेत ‘टेस्टमध्ये किती पडले?’ याआधी मी विचारणार आहे, ‘प्रॅक्टिकल किती झाली? आणि माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने किती केली?’ तुम्हीही विचारा. एकटीने विचारलं तर किरकिर वाटते. दहाजणींनी विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.